ब्राइटनेस पाचावर

खडेबाजारातल्या दुकानात, ट्यूबलाइटखाली,
काय झळाळत होतं!
पोरीनं काच पुसून मनगटावर बांधलं,
म्हणाली, बाबा, ठोके मोजतंय हे, पावलं मोजतंय,
पन्नाशी ओलांडली तुमची, आता कुणीतरी मोजायलाच पाहिजे.
आणि रविवारी रात्री हुबळीच्या गाडीत बसून गेली.

सोमवारी कामावर जाताना
दुसऱ्या गेटावर फाटक पडलेलं.
किती वाजले बघावं म्हणून हात उचलला
तर काचेत मीच.
मिशी, हेल्मेटचा पट्टा, मागं थोडं आभाळ.
ब्राइटनेस चारवर होता, पाचावर नेला.
पाचाच्या पुढं काही नाही.

दुकानदार म्हणाला, सर, असं धरा की,
आणि दुसरा तळवा त्यावर आडवा धरला,
वाऱ्यातून निरांजन नेताना धरतात तसा.
मी म्हटलं, अहो, निरांजन वाऱ्यानं विझतं.
हे उजेडानं विझतंय.
हसला. वॉरंटीचा कागद उलटसुलट केला.
काच फुटली तर, पाणी गेलं तर, पट्टा तुटला तर.
ऊन पडलं तर, असं कुठं छापलेलं नव्हतं.

बत्तीस वर्षं उद्यमबागेत भट्टीपुढं उभा आहे मी.
उजेडाचं मला सांगू नये कुणी.
लोखंड आधी वाळल्या मिरचीसारखं,
मग गाजरी, मग पिकल्या पपईच्या आतलं,
मग असं पिवळं की निळ्या काचेतूनसुद्धा
डोळा आपोआप बारीक होतो.
तेव्हा म्हणायचं, ओता.
मीटर नंतर आला.
मीटर आणि मी दहा-पंधरा डिग्रीवरून भांडतो,
बहुतेक वेळा मीटर हरतो.
अशा माणसाला पाच रेघांचा उजेड दिलाय
आणि तोही दिसंना.

शेडमध्ये तर विचारूच नका.
झाकण उघडलं की घड्याळ काळं ठिक्कर.
साच्यांच्या रांगेपलीकडून इरण्णा ओरडतो,
"लुमाण्णा, टैम एष्ट आतु?"
नवं घड्याळ आल्यापासून जरा जास्तच ओरडतो.
मी दारातून आत आलेली उन्हाची पट्टी बघतो,
वाळूच्या ढिगाला टेकलीय की नाही.
"हन्नेरडक्क हत्त कम्मी."
बाराला दहा कमी.
भोंगा झाला की तो बोटं मोजतो, मान हलवतो,
भारी घड्याळ आहे, म्हणतो.

रात्री मात्र याला जोर चढतो.
कूस बदलली, हात जरा वर झाला,
की भक्कन सगळी खोली निळी.
कलावती उठून बसते.
"काय हे मध्यरात्री चमकूलालंय?
कोण बॅटरी घेऊन आत आलं वाटलं की!"
एकावर आणलं तरी तेच.
आता हात चादरीत गुंडाळून झोपतो,
भाजल्यासारखा.

काल तिनंच ते काढून घेतलं,
चष्मा लावून चाळत बसली.
एक रेघ सापडली, माझ्या ठोक्यांची.
सकाळभर येळ्ळूरच्या भातशेतासारखी सपाट
आणि अकरा चाळीसला एकदम उभा डोंगर.
"हे काय झालेलं?"
ओतकाम, म्हटलं.
"रोज?"
रोज.
मला वाटायचं, सवय झाली.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
काच विझली की टिचकी मारायची,
परत तो डोंगर पेटवून बघायची.

नऊला पोरीचा फोन.
बाबा, नीट दिसतंय ना?
दिसतंय की, म्हटलं.
उन्हात?
उन्हात जरा कमी.